बर्फातली मेंढी पांढरी नसते

माझ्या पहिल्या बर्फाच्या चित्राकडे नातवाने बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आजी, एवढे फ्लॉवर कुणी टाकले रस्त्यात?" त्या मेंढ्या होत्या. मोजून सतरा. एकतीस वर्षं हायस्कुलात चित्रकला शिकवली मी. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला पोरं बसवण्यात केस पिकले, आणि सहा वर्षांच्या पोराने एका वाक्यात निकाल लावला. बरं, त्याचं खोटंही नव्हतं. पांढऱ्या बर्फावर पांढऱ्या मेंढ्या दिसायच्या कशा, म्हणून मी प्रत्येकीभोवती राखाडी कडा ओढली होती आणि आत टिटॅनियम व्हाइटचे गोळे थापले होते. मग फ्लॉवरच होणार.

मी म्हसवडची, माण तालुक्यातली. मेंढ्या मला नवीन नाहीत. आमच्या रानात खतासाठी धनगराचा वाडा बसायचा, रात्रभर कुत्र्यांचं भुंकणं आणि लेंड्यांचा वास. पण आमच्या मेंढ्या काळ्या, त्यावर फुफाटा बसलेला. मुलगा नोकरीसाठी स्कॉटलंडात ॲबर्डीनजवळ गेला, निवृत्तीनंतर मीही तिथे तीन हिवाळे काढले, आणि आयुष्यातला पहिला बर्फ एकसष्टाव्या वर्षी बघितला. घरामागे एका शेतकऱ्याचं कुरण आहे. जानेवारीतल्या एका सकाळी तिथल्या फाटकाशी एक मेंढी उभी होती, तिच्या पाठीवर चार बोटं बर्फ. वितळत नव्हता. लोकर इतकी दाट असते की अंगाची ऊब वर पोचतच नाही, त्यामुळे बर्फ तसाच बसून राहतो. तो बर्फ आणि ती लोकर, दोन्ही एकमेकांना चिकटून, माझ्यापासून चार हातांवर. आणि लोकर कशी दिसत होती म्हणाल तर कढीसारखी. तीही सावलीत ठेवलेल्या कढीसारखी. खाली पोटाकडे मातकट, मांड्यांकडे चहाच्या फडक्यासारखी.

तिथून पुढे माझं चित्र सुधारलं. मेंढी पांढरी आहे हे डोक्यातून गेलं की बाकीचं जमतं. म्हणून बर्फातल्या मेंढ्यांचं तैलचित्र करायचं तर आधी तेवढं काढून टाका, मग रंग काढा.

सामान

कॅनव्हास १६ बाय २० इंची घ्या. त्याहून लहानावर मेंढ्यांची तोंडं डासाएवढी होतात. तयार प्रायमर मारलेला चालतो. रंग सातच: टिटॅनियम व्हाइट, अल्ट्रामरीन ब्लू, अलिझरिन क्रिम्सन, बर्न्ट सिएना, यलो ऑकर, बर्न्ट अंबर आणि कॅडमियम ऑरेंज. काळ्या रंगाची ट्यूब डब्यातच राहू द्या. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून जो काळा होतो तो जिवंत असतो, हवा तिकडे झुकवता येतो, थंड किंवा उबदार. ट्यूबमधला काळा बर्फात घातला की बर्फ सिमेंटसारखा दिसतो.

पांढऱ्याची मात्र मोठी ट्यूब आणा, २०० मिलीची. बाकीचे रंग लहान ट्यूबमध्ये वर्षभर पुरतात, पांढरा एका चित्रात निम्मा संपतो. कॅमलिनच्या आर्टिस्ट ऑइल कलरवर मी वीस वर्षं काम केलंय, शिकणाऱ्याने महागाच्या मागे लागायची गरज नाही. झिंक व्हाइट स्वस्त मिळाला तरी जाड थरासाठी वापरू नका. वाळला की ठिसूळ होतो आणि पुढे तडकतो.

ब्रश: डुकराच्या केसांचे दोन फ्लॅट, एक इंची आणि अर्धा इंची, गोलसर टोकाचा एक फिल्बर्ट, मेंढ्यांसाठी, आणि एक लांब केसांचा बारीक रिगर, काटक्यांसाठी. एक पॅलेट नाइफ, म्हणजे रंग मिसळायची बोथट सुरी. पातळ करायला टर्पेंटाइन, पण थंडीत खिडक्या बंद असतात, सून दमेकरी, म्हणून मी बिनवासाचा थिनर आणला. वास नाही म्हणजे वाफ नाही असं नव्हे, झरोका उघडाच ठेवायचा.

तेलाबद्दल एक. आपण सवयीने जवसाचं तेल घेतो. बाकी रंगांना ते उत्तम, पण पांढऱ्याला कालांतराने पिवळं करतं. बर्फाच्या चित्रात निम्म्याहून जास्त पांढराच, म्हणून करडईचं तेल घ्या. फोडणीचं नव्हे, रंगाच्या दुकानातलं, वाळणारं. माझं फ्लॉवरचं चित्र मी लाजून कपाटामागे तोंड भिंतीकडे करून ठेवलं होतं. सात महिन्यांनी काढलं तर बर्फाला तुपाचा रंग आलेला. जवसाचं तेल अंधारात जास्त पिवळं पडतं. खिडकीशी महिनाभर ठेवल्यावर बराचसा पिवळेपणा उतरला, पण सगळा नाही.

उजेड आधी ठरवा

बर्फाचं चित्र म्हणजे उजेडाचं चित्र. ढगाळ दिवस असेल तर सावल्याच नाहीत, सगळं दूधभातासारखं. शिकायला ते अवघड. सूर्य खाली असलेला दिवस घ्या. आणि उत्तरेकडे हिवाळ्यात सूर्य खालीच असतो. ॲबर्डीन ५७ अक्षांशावर आहे. २२ डिसेंबरला तिथे सूर्य पावणेनऊच्या सुमारास उगवतो, साडेतीनच्या आत मावळतो, आणि भर दुपारी क्षितिजाच्या वर जेमतेम नऊ अंश चढतो. एक मीटर उंचीच्या खांबाची सावली तिथे दुपारी बाराला सहा मीटर पडते. म्हसवडला त्याच दिवशी, त्याच वेळी ती मीटरभरही पडत नाही. आपण लहानपणापासून निसर्गचित्रात झाडाखाली सावलीची थाळी काढतो ना, ती इथे विसरायची. इथली सावली रस्त्यासारखी लांब असते.

यातून आणखी एक गोष्ट निघते, ती मला उशिरा कळली. सूर्य इतका खाली असला की त्याचा उजेड जमिनीवर पडत नाही, जमिनीवरून घासत जातो. म्हणजे सपाट बर्फ उजळ नसतो, मधल्या टोनचा असतो. उजळ असतो तो उंचवट्याचा सूर्याकडचा गाल, पावलाच्या खड्ड्याची पलीकडची कड, दगडी बांधाचा माथा. चित्रातला खरा पांढरा तेवढाच.

सूर्य कुठे ठेवायचा? माझं म्हणणं, मेंढ्यांच्या मागे. यात माझी अक्कल नाही, ती जोसेफ फार्कहरसनची. हा चित्रकार (१८४६–१९३५) ॲबर्डीनशायरातल्या फिंगिनचा जमीनदार. गावाच्या स्पेलिंगमध्ये झेड आहे, पण उच्चारात तो येत नाही. मी दोनदा चुकले. त्याने जन्मभर बर्फातल्या मेंढ्या इतक्या रंगवल्या की लोकांनी त्याचं नाव 'फ्रोझन मटण फार्कहरसन' पाडलं. थंडीत बाहेर बसून रंगवता यावं म्हणून त्याने चाकांवरची खोली करून घेतली होती, आत शेगडी आणि समोर मोठी काच. आणि मेंढ्या एका जागी थांबत नाहीत म्हणून खोट्या मेंढ्या बनवून बर्फात हव्या तिथे मांडायचा! हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं. मीही मग नातवाच्या प्लास्टिकच्या मेंढ्या टेबलावर मिठात उभ्या केल्या, बाजूला टेबललॅम्प खाली आडवा धरला, आणि सावल्यांचा अभ्यास घरबसल्या केला. खरंच करून बघा. एक किलो मीठ, चार खेळण्यातले प्राणी, एक टॉर्च.

लिव्हरपूलजवळ पोर्ट सनलाइटच्या लेडी लिव्हर आर्ट गॅलरीत त्याचं १९०३ चं एक मोठं चित्र आहे, हिवाळ्यातल्या मावळतीचं. त्यातल्या मेंढ्या नीट बघा. जवळजवळ सगळ्या अंधारलेल्या आहेत, फक्त कडांना उजेडाची झालर. मागून उजेड असला की मेंढीची आपल्याकडची बाजू सावलीत जाते, बर्फ उजळ राहतो, आणि मेंढी आपोआप उठून दिसते. राखाडी कडा काढायची वेळच येत नाही.

कॅनव्हास आधी रंगवा

पांढऱ्या कॅनव्हासवर बर्फ रंगवता येत नाही. सगळंच पांढरं, मग किती पांढरं ते कळणार कसं? बर्न्ट सिएनात थोडा यलो ऑकर घालून, थिनरने चहासारखा पातळ करून सगळ्या कॅनव्हासला एक हात द्या आणि फडक्याने पुसून घ्या. विटकरी झाक राहिली पाहिजे, रंग नको. दोन दिवस वाळू द्या. पुढे बर्फाचे फटकारे मारताना मधूनमधून ही झाक उघडी राहते आणि थंड निळ्याखाली ऊब दिसते. जलरंगात आपण पोरांना सांगतो, कागद सोडा, तोच पांढरा. तैलरंगात उलटं आहे. इथे पांढरा शेवटी, हाताने आणि मोजून.

रेखाटन पातळ बर्न्ट अंबरने, ब्रशनेच. क्षितिज वरच्या तिसऱ्या भागात. उजवीकडून दगडी बांध तिरका आत येऊ द्या, डावीकडे दूर एक घर, धुराड्यासकट, मधोमध मेंढ्यांनी तुडवलेली वाट. मेंढ्या बर्फात एकामागून एक चालतात, पुढच्या मेंढीने फोडलेल्या वाटेने. त्यामुळे वाट अरुंद आणि नागमोडी.

मेंढ्यांचं माप चुकलं की सगळं चित्र चुकतं, दूरची मेंढी उंदीर वाटते किंवा हत्ती. सपाट जमिनीवर यावर सोपी युक्ती आहे. तुम्ही उभे राहून बघता तेव्हा क्षितिज तुमच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. मेंढीची पाठ साधारण त्याच्या निम्म्याहून जरा खाली. म्हणून मेंढी कुठेही ठेवा, तिच्या पायापासून क्षितिजापर्यंतचं अंतर घ्या, पाठ त्याच्या निम्म्याच्या किंचित खाली आली पाहिजे. जवळची असो की दूरची, हेच प्रमाण.

आकाश आणि सावली

आकाशावर मी फार वेळ घालवत नाही. खाली क्षितिजाशी पांढऱ्यात यलो ऑकर आणि जरासा कॅडमियम ऑरेंज, वर राखाडी निळा. मध्ये दोन्ही रंग थेट भिडवलेत तर हिरवट पट्टा येतो, कैरीसारखा. म्हणून मध्ये गुलाबीसर राखाडी घाला, अलिझरिनचा ठिपका टाकून. आकाशाचा सगळ्यात उजळ भागसुद्धा पांढऱ्याला पोचता कामा नये. दूरची झाडं, बर्च आणि पाइन, एकेक फांदी न काढता जांभळट तपकिरी धुरासारखी कोरड्या ब्रशने घासा. नंतर रिगरने चार काटक्या. चाळीस नव्हे, चार.

आता सावली. बर्फाची सावली निळी असते, आणि हे नवशिक्याला पटत नाही. त्याला राखाडी घालायची असते. मोने या फ्रेंच चित्रकाराने १८६८-६९ च्या हिवाळ्यात कुंपणावर बसलेल्या मॅगपाय पक्ष्याचं चित्र केलं, कुंपणाची सावली सरळ निळी रंगवली, तर पॅरिसच्या सलोंने, म्हणजे तिथल्या मोठ्या चित्रप्रदर्शनाने, ते नाकारलं. आज ते पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयात आहे. सावली निळी का, याचं कारण साधं आहे: सावलीत सूर्याचा उजेड येत नाही, पण वरच्या निळ्या आकाशाचा येतो, आणि बर्फ जो उजेड मिळेल तो परत फेकतो. खात्री हवी असेल तर मूठ वळून तिचं भोक करा आणि एका डोळ्याने त्यातून नुसता सावलीचा तुकडा बघा. आजूबाजूचं झाकलं गेलं की निळा दिसतो. बर्फ नसेल तर पांढरी चादर सकाळी गच्चीवर वाळत घाला, तिच्या सावलीच्या बाजूकडे बघा.

माप स्वयंपाकघरातलं सांगते. लिंबाएवढा पांढरा, हरभऱ्याएवढा अल्ट्रामरीन, मोहरीएवढा अलिझरिन. अलिझरिन फार जालीम आहे, दोन मोहऱ्या पडल्या की सावली बीटाची होते. जवळच्या सावलीत बर्न्ट सिएनाची आणखी एक मोहरी, म्हणजे जरा जड होते. दूरच्या सावलीत ती नको, पांढरा वाढवा.

पॅलेटवर बर्फाचे तीन ढीग आधीच करून ठेवा: सावलीचा, मधला आणि उजेडाचा. सावलीचा ढीग सगळ्यात मोठा, उजेडाचा सगळ्यात लहान. उजेडाच्या ढिगात नुसता पांढरा नाही, त्यात ऑकरची किंचित झाक. ढीग न करता प्रत्येक फटकाऱ्याला नव्याने मिसळत बसलात तर शेताच्या या टोकाचा बर्फ त्या टोकाला ओळख देत नाही.

पहिल्या दिवशी सावलीचा आणि मधला ढीगच वापरा, थिनर घालून पातळ. ब्रश जमिनीच्या चढउताराबरोबर फिरवा. आडवे सारखे पट्टे ओढले की बर्फ भिंतीला लावलेल्या चुन्यासारखा दिसतो. वाऱ्याने कापलेल्या ठिकाणी कड धारदार, बाकी सगळीकडे ओल्यात ओला मिसळून मऊ. मग चार-पाच दिवस थांबा. तैलरंग पाण्याच्या रंगासारखे सुकत नाहीत, हवेतला प्राणवायू घेऊन घट्ट होतात, आणि थंडीत ते काम रेंगाळतं. मी चित्र गॅरेजमध्ये ठेवलं होतं, पाच अंशांवर. दहा दिवसांनी बोट लावलं तर बोट निळं. घरात आणलं तेव्हा वाळलं. बर्न्ट अंबर दोनेक दिवसांत हाताला लागेनासा होतो, टिटॅनियम व्हाइट आठवडा खातो. आणि खालचा थर पातळ, वरचा तेलकट, हा क्रम मोडू नका, नाहीतर वरचा आधी घट्ट होतो आणि भेगा पडतात.

मेंढ्या

इथे घाई नको. चित्राचे दोन दिवस मेंढ्यांचेच.

तिथल्या डोंगराळ भागात जास्त करून काळतोंडी मेंढी दिसते, स्कॉटिश ब्लॅकफेस. नर-मादी दोघांनाही शिंगं, तोंड काळं किंवा काळं-पांढरं, लोकर लांब आणि जाडीभरडी, ओल्या दिवशी तिच्या बटा लोंबतात. काळं तोंड चित्रकाराला वरदान आहे. चित्रातला सगळ्यात गडद ठिपका हवा तिथे ठेवता येतो.

एकेक मेंढी काढू नका. आधी कळपाचा एकच आकार काढा, एखादं वेडंवाकडं पसरलेलं घोंगडं समजा, आणि तो सगळा एका रंगात भरा: पांढरा, ऑकर, बर्न्ट सिएना, आणि सिएनाएवढाच अल्ट्रामरीन. मातकट, जांभळ्याकडे झुकणारा राखाडी. पॅलेटवर हा इतका गडद वाटेल की हात थरथरेल. थरथरू दे. हा डाग कॅनव्हासवर गेला की शेजारचा बर्फ एकदम पेटतो, आधी रंगवलेला तोच बर्फ. मी पहिल्यांदा हे केलं तेव्हा पॅलेट नाइफ हातात तसाच धरून खुर्चीत बसून राहिले. ज्या बर्फाला मी तीन दिवस आणखी पांढरा, आणखी पांढरा करत होते, त्याला पांढऱ्याची गरजच नव्हती.

आता त्या घोंगड्यातून मेंढ्या सुट्या करा. काळी तोंडं आधी, सात-आठ, एका ओळीत नको. निम्म्या मेंढ्यांची तुमच्याकडे पाठ असू द्या, कारण सूर्याकडे चाललेला कळप मागूनच दिसणार. मागून मेंढी कशी दिसते? फुगलेली उशी आणि खाली दोन काठ्या. एखादी वळून बघणारी, एखादी तोंड बर्फात खुपसून गवत शोधणारी. पाय बर्फात अर्धे बुडालेले असतात, त्यामुळे खूर काढायची कटकट नाही. एकीचं अंग दुसरीवर येऊ द्या. सुट्या सुट्या काढल्यात की पुन्हा फ्लॉवर.

आता मेंढीचं पोट. आपण शिकतो आणि शिकवतो, की पोट सर्वांत गडद, कारण ते खाली. गवतावर उभ्या मेंढीचं तसंच असतं. बर्फावर नाही. खालचा बर्फ उजेड वर फेकतो, त्यामुळे पोटाची खालची बाजू, हनुवटी, कानाचा खालचा भाग, हे सगळं बाजूच्या अंगापेक्षा जरा उजळ आणि निळसर असतं. सगळ्यात गडद पट्टा पोटाच्या थोडा वर, बरगड्यांवर. फाटकाशी उभी राहून मी हे अर्धा तास बघत होते, शेजारच्या शेतकऱ्याला वाटलं मी वाट चुकले. तर सावलीच्या ढिगातला चिमूटभर रंग मेंढीच्या रंगात मिसळा आणि पोटाखालून एक फटकारा ओढा. मेंढी लगेच बर्फात उभी राहते. तोवर ती बर्फावर चिकटवलेली असते.

मग झालर. पांढरा, ऑकर आणि कॅडमियम ऑरेंजचा ठिपका, तेल न घालता जाडसर. फिल्बर्टच्या कडेने पाठीच्या रेषेवर टेकवत जा, ओढू नका. लोकर तुटक असते, सलग रेषा काढलीत तर मेंढीला विजेची माळ गुंडाळल्यासारखी दिसते. कानांच्या कडेला अलिझरिन-ऑरेंजचा लालसर ठिपका, कारण कान पातळ, उजेड त्यातून आरपार येतो. दोघी-तिघींच्या पाठीवर बर्फाचा थर ठेवा, वरून उजेडाच्या ढिगातला, आपल्याकडून सावलीच्या. तो थर आणि लोकर यांतला फरक दिसला पाहिजे. दिसत नसेल तर लोकर गडद करा, बर्फाला हात लावू नका.

आणखी एक गंमत. मेंढ्यांच्या ढुंगणावर लाल किंवा निळा डाग दिसतो. मला वाटलं आपल्या धनगरांसारखीच ओळखीची खूण. शेतकऱ्याने जरा अवघडून समजावलं: नोव्हेंबरात एडका सोडतात तेव्हा त्याच्या छातीला रंग लावलेला असतो, कोणती मेंढी फळली ते त्या डागावरून कळतं. सतरा दिवसांनी रंग बदलतात, म्हणजे एप्रिलात कुणाचं कोकरू आधी येणार तेही कळतं. चित्रात हा डाग एका मेंढीला जरूर द्या, विटकरी लाल. सगळ्या निळ्या-करड्यात तेवढा एक उबदार ठिपका फार काम करतो. सगळ्यांना देऊ नका, गुलालाची मिरवणूक होईल.

मेंढ्यांच्या सावल्या आपल्याकडे, लांब. सावली पायापासूनच सुरू झाली पाहिजे, नाहीतर मेंढी तरंगते. वाटेवर सावली पडते तिथे ती खड्ड्यांत वाकते, उंचवट्यावर चढते. तुडवलेली वाट पांढरी ठेवू नका, खालची माती आणि गवत वर येतं. बर्न्ट अंबर, ऑकर आणि सावलीचा रंग, अर्धवट मिसळलेला.

शेवटचा पांढरा

आठवडाभराने, सगळं वाळल्यावर, पॅलेट नाइफने जाड पांढरा लावा. बांधाचा माथा, वाटेतल्या खड्ड्यांच्या कडा, पुढच्या एका उंचवट्याचा गाल. सगळा मिळून सुपारीएवढा रंग. त्याहून जास्त लागतोय असं वाटलं तर सावल्या फिक्या आहेत असं समजा आणि तिकडे परत जा. सही सावलीच्याच रंगात, रिगरने, कोपऱ्यात.

फडक्यांचं विसरू नका. वाळणाऱ्या तेलाने भिजलेलं फडकं बोळा करून कोपऱ्यात टाकलं तर आपोआप तापतं आणि पेट घेऊ शकतं. पाण्यात बुडवून झाकणाच्या डब्यात ठेवायचं, किंवा बाहेर दोरीवर एकेरी पसरून वाळवायचं. व्हार्निशला किमान सहा महिने थांबा. माझं चित्र फेब्रुवारीत झालं, व्हार्निश दिवाळीनंतर मारलं.

चित्र पुरं झाल्यावर मी शेजारच्या शेतकऱ्याला बोलावलं. चहा घेता घेता त्याने बराच वेळ बघितलं. मेंढ्या ओळखल्या, काळ्या तोंडांना मान हलवली, लाल डागाला हसला. मग बोट धुराड्याकडे नेलं. धूर उजवीकडे वळलेला, म्हणजे वारा डावीकडून. आणि मेंढ्या बांधाच्या डावीकडे, थेट वाऱ्यात. "अशा वाऱ्यात एकही मेंढी या बाजूला थांबणार नाही," तो म्हणाला, "सगळ्या बांधाच्या पलीकडे असतील, आडोशाला." मेंढ्या हलवायच्या म्हणजे महिन्याचं काम. तो गेल्यावर मी नाइफने धूर खरवडला आणि डावीकडे वळवला. वीस मिनिटं लागली.